एकशे सदतीस नंबरचं झाड

दिवाळीआधीचे पंधरा दिवस अकोल्यात कसे असतात, ते मी अंशात सांगू शकतो. दुपारी चौतीस-पस्तीस, पहाटे अठरा. पण एवढं सांगून भागत नाही. दुपारी शर्ट पाठीला चिकटतो आणि पहाटे पायाशी चादर चाचपावी लागते, एकाच दिवसात. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले कापसाचे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून बसतात. सोयाबीन निघालेलं असतं, त्याच्या कुटाराचा, भुशाचा वास संध्याकाळी शहरापर्यंत येतो. कोपऱ्याकोपऱ्यावर सीताफळांच्या टोपल्या मांडून बाया बसतात. माणसं खुशीत असतात. मीही पूर्वी असायचो.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी माझ्या मुलीला माझ्या हातानं विषारी बी फोडून दिली. एक नाही, चार.

मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणात पाणी किती आलं, किती गेलं, किती उडालं, याची नोंद ठेवणं हे माझं काम. वीस-बावीस वर्षं तेच करतो आहे. घरातही गॅसची टाकी किती दिवस पुरली ते मी कॅलेंडरवर लिहितो. माझी बायको संगीता तेल्हाऱ्याची, शेतकऱ्याघरची. ती म्हणते, "तुमी माणूस पाह्यला की आधी त्याचं वय इचारता, मंग नाव." हे खरं आहे. वय हा आकडा आहे, तो लक्षात राहतो.

ती बाग परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी आहे. काळी जमीन संपून मुरूम सुरू होतो तिथं. इंग्रजांच्या काळात कोणा साहेबानं ती लावली. बाहेरच्या गरम मुलखांतली झाडं वऱ्हाडात जगतात का, हे त्याला पाहायचं होतं. रबर, कॉफी, दालचिनी, व्हॅनिलाचे वेल, आणि ज्यांना मराठीत नावच नाही अशी कितीतरी. दगडी टाकी बांधली, पाट काढले, झाडं ओळीत लावली. प्रत्येक झाडाला एक नंबर. पत्र्याच्या पाटीवर ठोकून उमटवलेला, तारेनं खोडाला अडकवलेला.

तिथली जुनी रजिस्टरं मी पाहिली आहेत. सुरुवातीच्या पानांवर बहुतेक झाडांपुढे एकच शब्द आहे: मेलं. कधी मेलं, उन्हानं की पाण्यानं की वाळवीनं, तेही लिहिलंय. ते वाचताना मला दुःख झालं नव्हतं. उलट आदर वाटला होता. प्रयोगाच्या बागेत झाड मेलं ही काही बागेची फजिती नव्हे. तेही उत्तरच आहे, आणि ते लिहायचं असतं. पुढे बाग एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेली, प्रयोग थांबले, रजिस्टर मात्र राहिलं. नंतरच्या पानांवर तो शब्द विरळ होत जातो. शेवटच्या पंधरा वर्षांत तो एकदाही नाही.

ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती.

तेव्हा म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी. बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो. बागेत झाडांची मोजणी करायची होती आणि रोजंदारीवर एक हिशोबी पोरगा हवा होता. असेच दिवस होते, दसऱ्यानंतरचे. मी परतवाड्यात खोली घेतली, रोज सायकलनं बागेत जायचो. सकाळी गवतावर दव, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. कॉफीची झुडपं रानटी होऊन पाटाच्या काठानं पसरलेली, त्यांची लाल फळं माकडं चोखून टाकायची. रबराच्या खोडावर जुन्या चिरांचे वळ. वाऱ्याची झुळूक आली की वरून काहीतरी टपटपायचं, आणि काय पडलं ते शोधायला मी कधी थांबलो नाही. मला ओळ पुरी करायची असायची.

माझ्याबरोबर तिथला माळी नथ्थूजी असायचा. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, सडपातळ, कमरेला कोयता. तो पुढे होऊन फांदी बाजूला करायचा, पाटी पुसायचा आणि नंबर ओरडायचा. मी लिहायचो. अठरा दिवसांत मोजणी झाली. रजिस्टरात चारशे अठरा, माझ्या वहीत चारशे अठरा. बागेचे साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले होते, "एकाचाही फरक नाही!" त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगलो. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही ते सांगितलं.

माझी मुलगी तन्वी लहान असताना मी तिला गोष्टी सांगायच्या ऐवजी ते नंबर सांगायचो. अकरा म्हणजे रबर. बावन्न म्हणजे दालचिनी. एकशे सदतीस म्हणजे मकाडामिया, ऑस्ट्रेलियाचं, काजूसारखी बी असते. ती मध्येच विचारायची, "बाबा, दोनशे चार?" आणि मी न थांबता सांगायचो. अकराव्या वर्षी ती म्हणाली, "मला तुमची झाडं दाखवा."

तर त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. अकोट, अंजनगाव, परतवाडा. संगीतानं सकाळी सहाला डबा भरला, मेथीचे पराठे आणि दही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, हिरव्या-पिवळ्या फळांनी वाकलेले. तन्वी खिडकीतून ओळी मोजत होती. मला फार बरं वाटत होतं.

फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. मला पाहून उठला, कपाळावर हात धरून जवळ आला.

"अरे बाप्पा! मोजणीवाले साहेब ना तुमी? केस पांढरे झाले, पण चालणं तेच हाय. पावलं मोजत चालून राहिले."

नथ्थूजीच होता. रिटायर होऊन रोजावर चौकीदार झाला होता, गुडघ्यांमुळे आत फारसा फिरत नव्हता. तन्वीकडे पाहून म्हणाला, "हे पोरगी तुमची का? डोळे बापावर गेले इचे." मग म्हणाला, "झाडाखालचं काही तोंडात नका घालू देऊ बरं इले."

मी हसलो. "नथ्थूजी, मला सांगता? अख्खं रजिस्टर मी लिहिलंय."

त्यानं पायाशी ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं. "हाव," तो म्हणाला, "तेही खरंच."

ते उत्तर मी पुढे किती वेळा ऐकलं असेल, मनातल्या मनात. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मला ते म्हातारपण वाटलं.

बाग बदलली होती. ओळी मोडल्या होत्या, घाणेरी माजली होती. पण पाट्या होत्या. मी एकेक पाटी पुसून नंबर वाचत होतो आणि तन्वी झाडाचं नाव सांगत होती. तिचं एकही चुकलं नाही. साडेअकराला दगडी टाकीजवळ बसून आम्ही जेवलो. संगीता डबे धुवायला थांबली आणि आम्ही बापलेक पुढे गेलो.

ते झाड मोठं होतं. त्याची पानं वरून पिठाची चाळणी धरल्यासारखी पांढुरकी दिसत होती. खाली पाचोळ्यात गोल टणक बिया पडलेल्या, आक्रोडाएवढ्या, काळसर. पायाखाली आल्या की पाय घसरायचा.

"बाबा, ह्या कशाच्या?"

"पाटी वाच."

"एकशे सदतीस." तिचे डोळे मोठे झाले. "मकाडामिया! खायची?"

"खातातच की."

"पण तुम्ही म्हणाले होते, इथं ते फळतच नाही."

"आता फळलंय. प्रयोग जमला म्हणायचा."

मला खरंच आनंद झाला होता. एवढ्या वर्षांनी बागेला एक उत्तर मिळालं, आणि ते माझ्या मुलीनं शोधलं. मी दगडावर बी ठेवून दुसऱ्या दगडानं फोडली. आतला गर पांढरा, तेलकट. मी एक खाल्ली. खोबऱ्यासारखी लागली, मागून जीभ जराशी ओढल्यासारखी. तन्वीला आवडली. तिच्यासाठी चार फोडल्या. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी पाटीकडे पाहिलं होतं. झाडाकडे नाही.

पाऊण वाजायच्या आत तिला पहिली उलटी झाली. आम्ही गाडीपाशी येत होतो. मला वाटलं, ऊन लागलं. दुसरी फाटकाशी. नथ्थूजी उठून आला, "काय झालं, साहेब?"

"डबा बाधला," मी म्हणालो आणि गाडी काढली.

परतवाडा सतरा किलोमीटर होतं. मी एकवीस मिनिटांत नेलं. मागच्या सीटवर संगीता तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आरशात मला फक्त तन्वीचे पाय दिसत होते, पोटाशी ओढलेले. ती रडत नव्हती, कण्हत होती, आणि ते जास्त वाईट होतं. ती ओकली की मी गाडी थांबवून वेळ लिहून घेत होतो. बारा पन्नास. एक तीन. एक नऊ.

"लिहून काय राहिले?" संगीता ओरडली. "गाडी चालवा ना!"

पहिला दिसला त्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. "काय काय खाल्लं सकाळपासून?"

मी सगळं सांगितलं, क्रमानं, वेळेसह. सहा वाजता दूध. साडेअकराला पराठे आणि दही. बारा दहाला मकाडामियाच्या चार बिया.

"त्या कुठे मिळाल्या?"

"सरकारी प्रयोगबागेत. ते झाड नंबरी आहे, एकशे सदतीस. त्याची नोंद मी स्वतः केलेली आहे. त्यात शंका नाही."

मी एवढ्या खात्रीनं बोललो की त्यांनी पुढे विचारलंच नाही. मग मी म्हणालो, आणि हे लिहिताना मला जड जातंय, "दही बाधलं असावं. सहाला भरलं, साडेअकराला उघडलं. साडेपाच तास. गाडीत ऊन होतं."

संगीता माझ्याकडे पाहत राहिली. नर्स सलाईनची बाटली टांगत होती, तिनंच तोंड उघडलं, "दह्यानं अशी आग नायी होत बाई पोटात." पण ती नर्स होती, मी आकडे सांगत होतो.

एक इंजेक्शन झालं, थोडं सलाईन गेलं. तन्वीला ग्लानी आली. उलटी थांबल्यासारखी वाटली. डॉक्टर म्हणाल्या की अजून तासभर थांबा. पण मला घरी जायचं होतं. अकोल्यात आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत, तिथं फाइल आहे, वजनाच्या नोंदी आहेत. अडीच-तीन तासांचा रस्ता. आता निघालो तर उजेडात पोचू, असा माझा हिशोब होता. मी पिशवी भरली. गाडीची किल्ली हातात घेतली.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. एक वाजल्यापासून माझ्याही पोटात कळ येत होती. बेंबीच्या वर, पिळल्यासारखी, थांबून थांबून. मी ती कळ गिळत होतो. स्वतःला सांगत होतो की काळजीनं होतंय.

संगीता दाराशी उभी राहिली. वाट अडवूनच.

"मले एक सांगा. दही कोणी कोणी खाल्लं?"

"तिघांनी."

"मले काही झालं का?"

"नाही."

"अन् तुमाले?"

मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. मला घाम आला होता, पंखा डोक्यावर असताना.

"तुमालेही होऊन राह्यलं," ती हळू आवाजात म्हणाली. "अन् तुमी बोलले नाही."

शाळेतलं पोरही हे मांडून दाखवील. दही तिघांनी खाल्लं, बी दोघांनी खाल्ली, आजारी दोघं. एवढा लहान तक्ता माझ्यासमोर दीड तास पडून होता आणि मी तो वाचायला तयार नव्हतो. कारण तो वाचला असता तर एकशे सदतीस हा नंबर खोटा ठरत होता.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. कोणाच्या तरी मागे बसून, बाहेर उभी आमची गाडी पाहून नथ्थूजी आला होता. त्याच्या गुडघ्यांना पायरी चढवेना, तर तो हातांवर जोर देऊन चढला. हातात एक डहाळी, पांढुरक्या पानांची, आणि धोतराच्या सोग्यात बांधलेल्या फुटक्या बिया.

"तुमची पाण्याची बाटली राह्यली होती तथी," तो धापा टाकत म्हणाला. "आनाले गेलो त दगडापाशी हे टरफलं दिसले. साहेब, पोरीनं हे खाल्लं का?"

"एकशे सदतीस आहे ते. मकाडामिया."

"ते झाड कवाच मेलं साहेब. तुमच्या मोजणीच्याही आधी. हा त जंगली आक्रोड हाय. कच्चा खाल्ला की माणूस ओकून ओकून हैरान होते."

"मग पाटी?"

नथ्थूजी खाली बसला, भिंतीला टेकून.

"झाड मेलं की त्याची पाटी आमी बाजूच्या झाडाले अडकवत होतो. वरतून साहेब लोक यायचे, पाट्या मोजायचे. पाटी कमी भरली की इचारत, झाड कावून मेलं, पाणी नाही देलं का? झाडं कमी त माळी कमी. आमी आठजण होतो, साहेब. आठाचे चार कराले त्याइले एक कागद पुरे होता." त्यानं डोळे पुसले. "तुमी मोजून राह्यले होते तवा म्या पुढं होऊन पाट्या पुसत होतो. तुमी वर पाह्यलं असतं त समजलं असतं. तुमी पाह्यलंच नाही."

डॉक्टर आतून आल्या होत्या. त्यांनी डहाळी हातात घेतली, बी फोडून वास घेतला, पानाचा फोटो काढून अमरावतीला त्यांच्या सरांना पाठवला आणि फोन लावला. ते चार-पाच मिनिटांचं बोलणं मी उभ्यानं ऐकलं. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "कण्हेरी-बिट्टीसारखं हृदयावर जाणारं नाहीये, हे बरं झालं. पण अंगातलं पाणी वेगानं जाईल. थांबल्यासारखं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. आता गाडीत घालून नेलं असतं, तर रस्त्यात काय करणार होतात?"

माझ्या हातात किल्ली होती. ती कुठे ठेवावी कळेना.

दुसरं सलाईन लावलं. त्या म्हणाल्या तसंच झालं. तीनच्या सुमाराला पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा वाईट. तन्वीचे ओठ सुकून पांढरे पडले. हातांची बोटं गार झाली. डॉक्टरांनी मला काय काय खाल्लं ते पुन्हा विचारलं, आणि या वेळी मी माझी कळही सांगितली. मलाही गोळी दिली आणि पाणी पीत राहायला सांगितलं. मग मी माझ्या सवयीचा हिशोब केला, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं. माझं वजन बहात्तर, तिचं एकोणतीस. मी एक बी खाल्ली, तिनं चार. किलोमागे माझ्या जवळजवळ दहापट तिच्या पोटात होतं. माझी कळ दहानं गुणून मी ती कल्पनेत सोसून पाहत होतो. गुणाकार येतो, पण सोसणं येत नाही. हे मला त्या लोखंडी खुर्चीत कळलं.

नथ्थूजी व्हरांड्यात बसून होता. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो. त्यानं कप खाली ठेवला.

"लेकरू बरं होईन ना?"

"होईल म्हणतात."

"डॉक्टरबाईनं कागदावर लिहून घेतलं असंन ना, कुठी खाल्लं ते?"

"लिहावं लागेल त्यांना."

"लिहू द्या." तो रस्त्याकडे वळून बसला. संत्र्यांनी भरलेला एक ट्रक गेला, मागे वास ठेवून. "मी फाटकाशीच सांगतलं असतं. तोंडावर आलं होतं. पण तुमी म्हणाले, अख्खं रजिस्टर मी लिहिलं. मले लाज वाटली. म्हटलं, एवढ्या वर्षांनी माणूस खुशीत आला, त्याची मोजणी खोटी होती हे कसं सांगाव?"

मी त्याच्यावर रागावलो नाही. खरं तर रागवायला मला जागाच नव्हती. त्यानं आठ माणसांची भाकर वाचवायला मेलेली झाडं जिवंत ठेवली होती. मी काय वाचवत होतो? एक जुनं वाक्य. एकाचाही फरक नाही. आणि तेवढ्यासाठी मी बायकोच्या दह्यावर आळ घेतला, स्वतःच्या पोटातली कळ लपवली. खरं पाहता ती कळ म्हणजे दवाखान्यातली सगळ्यांत उपयोगाची नोंद होती.

पुढच्या वर्षी, याच दिवसांत, मी रजा काढून बागेत गेलो. एकटाच. नथ्थूजीला ऑटोनं आत नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि आम्ही मोजायला लागलो. या वेळी तो बसल्या जागेवरून झाडाचं नाव सांगायचा, मी खोडाला हात लावून यायचो. पक्कड नेली होती. कितीतरी खोडांनी तार गिळली होती, सालीत रुतून बसलेली. एका चिंचेच्या गळ्यात तीन पाट्या होत्या: कोको, जायफळ आणि कुठलंसं फणसाच्या जातीचं. ती चिंच कोणी लावलेलीही नसणार, आपली उगवली असणार. पाट्या चारशे अठराच भरल्या. झाडं भरली दोनशे एक्याण्णव. मधल्या एकशे सत्तावीस झाडांपुढे मी तोच जुना शब्द लिहिला: मेलं. कधी मेली ते नथ्थूजीला आठवलं तिथं लिहिलं, नाही तिथं जागा कोरी ठेवली. खात्याला पत्र पाठवलं. त्यात मी लिहिलं की त्या जुन्या मोजणीत मी झाडं मोजली नव्हती, पाट्या मोजल्या होत्या. उत्तर आलं नाही. नथ्थूजीची चौकीदारी गेलीही नाही. कोणी वाचलं नसावं बहुतेक. तरी लिहिलेलं आहे.

कोणी म्हणेल, झाडं कमी झाल्याचं दुःख व्हायला हवं. मला नाही झालं. एकशे सत्तावीस झाडं तिथं नाहीत हे कळल्यावर जी आहेत ती पहिल्यांदा दिसली. दालचिनीची कोवळी पानं तांबडी असतात, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

संगीतानं त्या दिवसाबद्दल मला कधी बोल लावला नाही. मी माफी मागितली, दोनदा. पहिल्यांदा ती म्हणाली, "राहू द्या." दुसऱ्यांदा म्हणाली, "तुमी मोजता त मोजा, पण मले इचारून." एवढंच. प्रवासाला मात्र ती आता दही घेत नाही. मी म्हणतो घे, तरी घेत नाही. त्याचं काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या दिवशी साडेपाचच्या सुमाराला तन्वीनं डोळे उघडले. दवाखान्याच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं, तिच्या पायांवर पडलं होतं. बोटं गरम झाली होती. डॉक्टर येऊन गेल्या होत्या. शेवटची उलटी होऊन तास झाला, आता घोट घोट पाणी द्यायला हरकत नाही, असं सांगून. मी जलसंजीवनीची पावडर घातलेलं पाणी पेल्यात ओतलं. पाकिटावर लिहिलेलं माप दोनदा वाचलं होतं. पलंगाच्या कडेला बसून तिच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या ओठांपाशी नेला.

तिनं पेला दोन्ही हातांनी धरला. तोंड कोरडं पडलं होतं. तिला तहान लागली होती, खूप. पण ती प्याली नाही. पेल्यात पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीशी उभ्या असलेल्या तिच्या आईकडे पाहिलं.

"आई, पिऊ?"

संगीतानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"पे माय," ती म्हणाली. "म्या पाह्यलं हाय ते."

मग ती प्याली.